तिला पाण्यात उभं केलं ते दिवस

उसाला तुरे आले की माझं कशात लक्ष लागत नाही. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाची हनुवटी मी तीनदा वर करायला लावते, तीनदा खाली, आणि शेवटी पहिलाच फोटो छापून देते. चहा टेबलावर निवतो. शिवाजी पेठेतल्या माझ्या स्टुडिओबाहेर या दिवसांत सकाळपासून फुटबॉलचं भांडण चालू असतं. कोण कसा चुकला, पास कुणाला द्यायला हवा होता, सगळं मोठमोठ्यानं. एरवी मला ते आवडतं. या दिवसांत नको होतं. मी शटर अर्धं ओढते आणि गाडी काढते.

जायचं कुठं, ते ठरलेलं नसतं. तरी गाडी शिरोलीच्या दिशेनं जाते. एमआयडीसीतला तापल्या लोखंडाचा, भाजलेल्या वाळूचा वास मागं पडतो, हातकणंगले येतं, आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना ते सुरू होतात. तुरे. पांढरे म्हणावेत तर जरा जांभळट, ऊन तिरपं आलं की चंदेरी. पुढं उसाची ट्रॉली, तिच्या पुढं आणखी एक ट्रॉली, रस्त्यावर चिरडलेली कांडी, कुठल्या तरी गुऱ्हाळावरून येणारा काहिलीतल्या रसाचा उष्ण, गोड वास. काच खाली करावी तर डोळ्यांत धूळ, वर करावी तर गुदमरायला होतं. मग कुठं तरी यू-टर्न घेऊन मी परत फिरते. दोन हिवाळे मी असं केलं. ज्या गावाला जायचं होतं तिथवर पोचलेच नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मात्र मी बिनदिक्कत गेले होते. कॅमेरा, दोन लेन्सा, रिफ्लेक्टर आणि मागच्या सीटवर इस्त्री केलेला एक पांढरा झगा.

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. रंकाळ्याच्या कडेला नवऱ्या मुलानं मुलीला उचलायचं, पन्हाळ्यावर तिची ओढणी वाऱ्यावर सोडायची, सूर्य दोघांच्या तळहातांमध्ये धरायचा; हे सगळं मी इतक्यांदा केलंय की माझे हात आपोआप इशारे करतात. त्या वर्षी मला स्वतःचं काही करावंसं वाटलं. जिकडं जावं तिकडं एकच ऐकू यायचं, हल्लीच्या पोरांना निसर्गाचं काही नाही, मोबाइलमधून मान वर होत नाही. मला ते खरं वाटत नव्हतं. म्हटलं, विशी-बाविशीतल्या पोरापोरींना विचारू. बाहेरच्या जगातली तुझी अशी जागा कुठली? तिथं तू कसा असतोस, कशी असतेस? तसं उभं राहा, मी फोटो काढते.

चोरून फोटो काढणं मला जमत नाही. मला मांडामांड लागते. उजेड कुठून येणार, कपडे कुठले, हात कुठं, हे सगळं ठरवायचं आणि मग शटर दाबायचं. मांडलेला फोटो खोटाच असतो असं मी मानत नाही. माणूस आरशासमोर उभं राहून केस नीट करतो तेव्हा तो खोटा नसतो, त्याला कसं दिसायचंय ते सांगत असतो. हे मी तेव्हाही म्हणायचे, आताही म्हणते. फक्त सांगत कोण असतं, हे तेव्हा विचारलं नाही.

सुरुवात चांगली झाली. आमच्या गल्लीतला एक फुटबॉल खेळणारा पोरगा म्हणाला, माझी जागा ग्राउंड. मी म्हटलं, "अरे, तिथं धड गवतसुद्धा नाही." तर म्हणतो, "माती हाय की. गोल खाल्ला की मी तोंड खाली घालून पडतो. तवा तीच जवळ असती." त्याला मी तसाच पडायला लावला, एक गाल मातीत, डोळ्यांसमोर मुंग्यांची रांग. तो फोटो बघून त्याचे मित्र हसले नाहीत, यावरून मला कळलं की फोटो जमलाय.

मग श्रुतिका आली. एका अर्जासाठी फोटो हवा होता म्हणून स्टुडिओत आलेली. वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. घर कृष्णेच्या काठावरच्या एका गावात, नृसिंहवाडीच्या अलीकडं. घरची शेती, तीन म्हशी. भिंतीवरचा तो मातीतला फोटो बघत ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझा बी काढा की."

"तुझी जागा कुठली?"

"आमचा बांध. तिथनं सगळं रान दिसतं. मी सुट्टीला गेलो की पहिल्यांदा तिथं जातो."

आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, जातो, येतो, करतो. मी हसले आणि तारीख ठरवली. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या डोक्यात चित्र तयार झालं होतं, आणि त्यात बांध नव्हता. नदी होती, पाण्यावर पडलेले तुरे होते, पांढऱ्या कपड्यातली मुलगी पाण्यात पाठ टेकून आकाशाकडं बघत होती. झगा मी त्या संध्याकाळीच शिवायला टाकला.

त्या सकाळी धुकं होतं. गाडीतून उतरले तर श्रुतिकाचे वडील, अण्णा, बांधावर उभे. मी समोरचं रान बघून म्हटलं, "काय सुंदर दिसतंय हो!"

"तुमास्नी दिसतंय," अण्णा म्हणाले. "तुरा आला म्हंजे ऊस आतनं पोकळ पडाय लागला. कारखान्याची तोड लौकर मिळंना, म्हणून आलाय त्यो." एवढं सांगून ते दुधाचा कॅन घेऊन डेअरीकडं गेले. तिथल्या तिथं मला कळायला हवं होतं, की मी जे बघायला आलेय ते या घरात कुणीच बघत नाही. मला वाटलं, वा, हे वाक्य प्रदर्शनात लावता येईल.

श्रुतिका वडिलांचा जुना फुल शर्ट घालून आली होती, बाह्या मनगटापर्यंत, डोक्याला टॉवेल. म्हणाली, उसाचं पान कापतं, म्हणून रानात जाताना असंच जायचं. बांधावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जरा अण्णांसारखीच. मी पंधरा-वीस फोटो काढले. ते चांगले होते. आज बघते तेव्हा वाटतं, फार चांगले होते. त्या सकाळी मात्र मी स्क्रीनवर बघत राहिले आणि माझ्या मनातलं चित्र त्यात शोधत राहिले.

"एकच फोटो नदीत घेऊ या का गं?" मी म्हटलं.

तिनं नदीकडं बघितलं. मग म्हणाली, "पाण्यात?"

"गुडघाभर. जास्त नाही."

"बरं."

त्या 'बरं'वर मी आजवर किती विचार केलाय. आपल्याकडं पोरांना उभं राहा म्हटलं की उभी राहतात. शाळेच्या फोटोत, सत्काराच्या फोटोत, लग्नाच्या हॉलमध्ये. का उभं राहायचं, हे विचारायची सवय आपणच लहानपणी मोडलेली असते, आणि मग त्यांच्या 'बरं'ला आपण होकार समजतो.

घाट काळ्या दगडाचा, पायऱ्या शेवाळलेल्या, खालच्या पायऱ्या पाण्यात गेलेल्या. पाणी हिरवट, जवळजवळ न हलणारं. झगा घालून ती पहिल्या पायरीवर थांबली. मी तोडून आणलेले तुरे पाण्यावर सोडत होते, रिफ्लेक्टरला दगडाचा टेकू लावत होते, सकाळचा कोवळा उजेड जायच्या आत फोटो मिळावा म्हणून घाई करत होते. "आणखी एक पाऊल," मी म्हटलं. मग आणखी एक. गुडघा केव्हाच गेला होता, पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. "आता मागं टेक. पाणी धरेल तुला. आणि डोळे मीट."

ती मागं झुकली. झगा फुगून वर आला, केस पसरले, तुरे तिच्या खांद्याशी येऊन थांबले. मी अकरा फोटो घेतले. एकाही फोटोत तिनं डोळे मिटलेले नाहीत. तेव्हा मला वाटलं, वा, त्यापेक्षा हेच छान.

ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. तिचे दात वाजत होते. मला वाटलं, थंडी. मी टॉवेल दिला तर ती हसली, खूप हसली, थांबेचना.

घरी तिच्या आईनं, अव्वानं, चहा ठेवला होता. श्रुतिका दारात आली तसं अव्वानं तिच्या केसांकडं बघितलं आणि हातातली कपबशी खाली ठेवली.

"नदीत गेलतीस?"

श्रुतिकानं टॉवेल डोक्यावर ओढला.

"गेलतीस काय, इचारतो मी!"

मग जे कळलं ते अव्वाकडून, तुटक तुटक. मागच्या मोठ्या पुरात पाणी तासाभरात गोठ्यात शिरलं. अण्णा म्हाताऱ्या माणसांना होडीत बसवत होते. श्रुतिका कुणाला न सांगता म्हशी सोडवायला गेली. तिघींची दावी सोडली. चौथीच्या दाव्याची गाठ पाण्यानं फुगली होती, ती सुटेना. पाणी हिच्या छातीला लागलं, तरी ही गाठीला नखं लावून बसलेली. शेवटी अण्णांनी तिला कमरेला धरून ओढून आणलं. ती मागं बघत होती. तेव्हापासून तिनं नदीत पाय घातला नव्हता. यात्रेला सगळं गाव घाटावर असायचं, ही घरात.

"मग तू का गेलीस पाण्यात?" मी तिला विचारलं.

"तुम्ही म्हणलासा म्हणून," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर माहीत असावं तसं सांगितलं.

यानंतर मी तो फोटो पुसायला हवा होता. मी तो संगणकावर घेतला, मोठा केला, आणि बघत बसले. कारण तो सुंदर होता. माझ्या बावीस वर्षांच्या कामात तसा फोटो दुसरा नाही. तिला फोन करून विचारलं, लावू का? ती म्हणाली, "चांगला आलाय की. लावा." मला या होकाराचा अर्थ आता माहीत होता, तरी मी तो घेतला.

प्रदर्शनात लोक त्याच फोटोसमोर थांबले. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले, "बघा, ही मुलगी निसर्गाशी किती एकरूप झालीय." टाळ्या झाल्या. श्रुतिका चौथ्या रांगेत नवा ड्रेस घालून बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. पुढं पाचही दिवस मी दालनात यायचे, सगळे फोटो सोडून त्याच्यासमोर जायचे आणि वळून दुसरीकडं बघायचे. जेवण जाईना. कुणी कौतुक केलं की मी विषय बदलायचे.

शेवटच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. पूर, गोठा, फुगलेली गाठ, आणि मी तिला पाण्यात कशी ढकलत नेली ते. म्हटलं, हा एकरूपतेचा फोटो नाही, भीतीचा आहे, आणि ती भीती मी मांडलेली आहे. दोघीतिघींनी डोळे पुसले, मग टाळ्या झाल्या. मी खाली उतरले तेव्हा मला आठवड्यात पहिल्यांदा हलकं वाटत होतं.

श्रुतिका त्या दिवशीही आली होती; तिच्याभोवती तोवर गर्दी झाली होती. एक बाई तिचा हात धरून म्हणत होत्या, "किती सोसलंस गं पोरी." कुणी मोबाइलवर तिचा आणि फोटोचा एकत्र फोटो काढत होतं. ती त्यातून वाट काढत बाहेर गेली. मी मागोमाग गेले. दालनाच्या आवारातल्या सायकल स्टँडपाशी ती उभी होती, पाठमोरी.

"मॅडम," ती न वळता म्हणाली, "फोटो होता तवर माझ्या आतलं कुणालाच दिसत न्हवतं. आता समद्यास्नी ठाव झालं."

"मला वाटलं, खरं सांगावं."

"खरं माझं हुतं की," ती म्हणाली, आणि एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रिक्षात बसली.

पाण्यात उभं केलं ती माझी चूक होती, हे मला कळत होतं. पण ती चूक कबूल करताना मी दुसरी केली, आणि त्या कबुलीवर टाळ्या घेतल्या, हे त्या सायकल स्टँडपाशी कळलं. आपलं मन हलकं करायला आपण कुणाच्या खांद्यावर ओझं ठेवतो, ते बघतच नाही. मी मेसेज केले. तिनं वाचले, एवढं दिसायचं. फोन केला तर कट व्हायचा. पुढं एका मासिकानं मुखपृष्ठासाठी तो फोटो मागितला. मी नाही म्हटलं, पण त्याआधी दोन दिवस उत्तर न देता घालवले. त्या दोन दिवसांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. फोटो फ्रेमसकट स्टुडिओत पडद्यांच्या गुंडाळ्यांमागं उभा करून ठेवला, तोंड भिंतीकडं. पडदा काढताना रोज हात लागायचा.

या जानेवारीत, एका रविवारी, मी यू-टर्न घेतला नाही. का, ते नेमकं सांगता येणार नाही. पुढची ट्रॉली बाजूला झाली, रस्ता मोकळा होता, आणि मी जात राहिले एवढंच. फ्रेम मागच्या सीटवर होती.

अण्णा रस्त्याकडेच्या रानात पाणी पाजत होते. मला बघून फावडं टेकवलं. "लई दिसानं वाट घावली?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता हातानं घराकडं दाखवलं.

श्रुतिका ओसरीवर वह्या तपासत बसली होती. शिक्षण संपवून आता जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मला बघितलं, लाल पेनाचं टोपण लावलं, आणि बसा म्हणाली. मी गाडीत वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरले. म्हटलं, "दोनदा चुकले मी."

"व्हय," ती म्हणाली.

जाऊ द्या म्हणाली नाही. मला वाटतं, तिथंच मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मी फ्रेम तिच्यापुढं ठेवली, सगळ्या फायलींचा पेन ड्राइव्ह ठेवला, म्हटलं, "हे तुझं. माझ्याकडं आता काही नाही." तिनं फ्रेम गुडघ्यांवर घेतली आणि बघितली, वर्गात एखादी आकृती बघावी तशी.

"डोळं मिटा म्हणलासा. मी मिटलं न्हाईत."

"हो."

"मिटलं असतं तर मी गेलो असतो खाली. बघत हुतो म्हणून राहिलो." मग तिनं फ्रेम आत नेली. कुठं ठेवली, मी विचारलं नाही.

बाहेर येऊन तिनं चपला घातल्या. "चला. कॅमेरा असंल तर गाडीतच ऱ्हाऊ द्या."

घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. श्रुतिकानं सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली. एक पायरी, दोन, तीन. तिथं थांबली. दोन्ही हात बाजूला थोडे लांब धरले होते, बोटं ताणलेली. मला म्हणाली, दर रविवारी येते. गेल्या उन्हाळ्यात फक्त काठावर उभी राहायची. दिवाळीनंतर पहिली पायरी केली. अव्वाला माहीत आहे, पण ती विचारत नाही.

मीही चपला काढून उतरले. पाणी बर्फासारखं होतं. शेवाळावर माझा पाय सरकला तर तिनं दंड धरला, माझ्याकडं न बघता. पलीकडच्या काठावर ऊस, त्यावर तुरे, आणि त्यांच्याकडं आम्ही दोघीही बघत नव्हतो. ती पाण्याकडं बघत होती. मी तिच्या हाताच्या पकडीकडं.

"पुढच्या पायरीवर जायचं?" मी विचारलं.

"न्हाय. आज एवढंच."

परतताना मी तिला विचारलं, हे सगळं लिहू का. तिनं खोचलेली सलवार खाली सोडली. मग म्हणाली, "लिहा. पर छापायच्या आदी मला दावा."

म्हणून मागच्या रविवारी हे कागद घेऊन मी पुन्हा गेले. श्रुतिका हे नाव तिनंच सुचवलं, ते तिच्या वर्गातल्या कुणाचंही नाही याची खात्री करून. ओसरीवर बसून तिनं हातात लाल पेन धरून सगळं वाचलं. मी समोर बसले होते, परीक्षेचा पेपर दिल्यासारखी. 'आणखी एक पाऊल' तिनं ठेवलं. दाव्याची फुगलेली गाठ ठेवली. माझे ते दोन दिवस वाचून तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पान उलटलं. शेवटी एका जागी पेन थांबलं. पुरात राहिलेल्या त्या म्हशीचं नाव मी लिहिलं होतं, अव्वाच्या तोंडून ऐकलेलं. तिनं त्या नावावर रेघ मारली, पुन्हा एकदा मारली, वाचता येणार नाही अशी, आणि कागद माझ्या हातात दिले.

"एवढं घरातच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.